उंबऱ्याबाहेरच्या चपला

देविदासच्या मायनं त्याचा सदरा धुतला आन पोरगं खुनी ठरलं.

म्हणलं तर गोष्ट एवढीच. पण ही खरी गोष्ट संगिता राठोडची हाय, आन संगिताला अर्धवट सांगितलेलं काही चालत न्हाई. म्हणून बुडापासून सांगतो.

बाळापूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव हाय. नाव लिहीत न्हाई. लिहिलं तर उद्या चार जण दारात येतील, ‘आमच्या गावाची बदनामी काहून करून राहिला’ म्हणत. बदनामी ज्यानं करायची त्यानं करून ठेवली, मी फकस्त सांगून राहिलो. त्या गावात राधाकृष्ण पुजारी ऱ्हायचे. सत्तरी ओलांडलेलं म्हातारं. मारुतीची पूजा, देवळाचं थोडं रान, शहाबादी फरशीचं तीन खोल्यांचं घर. रानातलं समदं काम देविदासकडं. देविदास शेजारच्या देवला नाईकाच्या तांड्यावरचा. त्याचा बाप हिरासिंगबी पुजाऱ्याकडंच सालानं ऱ्हायलेला. हिरासिंगनं पोराला पहिली शिकवण काय दिली आसंल, तर पुजाऱ्याच्या उंबऱ्याच्या आत चप्पल जाऊ द्यायची न्हाई. घर पेटलं तरी.

उन्हाळ्याचे दिस. पुजारीणबाई अनुसूयाबाई लेकीकडं नांदेडला गेलेल्या. दुपारी देविदास रानातून वांगी घेऊन आला, तर दार सताड उघडं आन मधल्या खोलीत म्हातारं रगताच्या थारोळ्यात. डोक्यावर घाव. घशात घरघर चालू व्हती, म्हणजे जीव व्हता. देविदासनं वांगी टाकली, चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, आत गेला, म्हाताऱ्याला खांद्यावर घेतलं आन बोंबलत रस्त्यावर आला. गावातल्या एका टेम्पोत घातलं. दवाखाना येईस्तोवर म्हातारं त्याच्या मांडीवरच गेलं.

मंग देविदास चालत तांड्यावर आला. सदरा पुढून, खांद्यावरून लाल. भिकाबाईनं, त्याच्या मायनं, लांबूनच वरडून थांबवला.

“तिथंच उभा ऱ्हा! घरात यिऊ नको.”

“याडी, पुजारीबाबा गेले.”

“कळलं मला. आदी कापडं काढ.”

अंगावर पाणी ओतलं, लिंबाचा पाला डोक्यावरून उतरवला, सदरा ओढून काढला, दगडी डोणीत टाकला, सोडा घालून बडवला आन दोरीवर वाळत घातला. मयताला खांदा देऊन आलेला माणूस आमच्याकडं उंबरा ओलांडायच्या आधी कापडासकट भिजतो. तांड्यावर भिजतो, गावात भिजतो, हिंगोलीच्या बंगल्यातबी भिजतो. फौजदार सोता सोताच्या बापाला पोचवून आला तवा काय केलं आसंल? हेच केलं आसंल. पण सांजच्याला जीप घेऊन तांड्यावर आला आन दोरीवरचा ठिबकणारा सदरा बघून म्हणला, “घ्या. पुरावा धुऊन टाकला. आई पण सामील.”

पोराला नेलं, सदऱ्यालाबी नेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की सालगड्यानंच घात केला आन आईनं रगताचे कपडे धुतले. तांड्यावरचा म्हणलं की अर्धा गुन्हा तसाच साबित ऱ्हातो, बाकीचा अर्धा सोड्यानं केला.

आता संगिता.

त्याच दिवशी, फौजदार तांड्यावर जायच्या आधी, दुपार कलताना हिंगोलीवरून पांढरी गाडी आली व्हती. खुनाच्या जागेचे नमुने घेणारी, ठसे उचलणारी, फोटो काढणारी. त्या गाडीतून उतरली ती संगिता राठोड. सेनगावकडची, साखऱ्याच्या पल्याडल्या तांड्याची. काळीसावळी, आखूड, चालताना पुढं वाकून चालती, जसं काही जमिनीवर सांडलेलं येचीत चालली. हे चालणं तिला नोकरीनं दिलं न्हाई, आजीनं दिलं.

आजी म्हणजे नानीबाई. तांड्यावर बोकड पडला की त्याच्या रगताची सळोई, म्हंजे रगताचं कालवण, करायचं काम नानीबाईचं. बोकडाच्या मानंखाली परात धरायची, रगत पडता पडता हातानं फेटायचं, बोटाला लागतील ते तंतू काढून टाकायचे, म्हंजे गोठत न्हाई. संगिता परातीच्या बाजूला बसलेली ऱ्हायची. मंग दगडावरचे थेंब पुसायचं काम तिच्याकडं. त्यात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. लगोलग पुसलं तर दगड साफ. जरा खेळून आलं आन मंग पुसलं तर थेंबाचं मधलं जातं, गोल कडं मागं ऱ्हातं. रगत कडेकडेनं आधी वाळतं. नानीबाई ती कडी बघून कावायची, “खेळत व्हतीस ना भवाने? दगड सांगून राहिला.”

पुढं ही पोरगी छत्रपती संभाजीनगरला रगताचं, विषाचं, ठशांचं सायन्स शिकायला गेली. तिथं पहिल्याच वर्षी सरांनी सांगितलं की प्रॅक्टिकलला बोकडाचं रगत लागतं, आन वर्गात नजर फिरवत तिच्यावर येऊन थांबले. “राठोड, तुम्ही आणा. तुमच्यात चालतं ना?” पोरं हसली. संगितानं आणलं. नुसतं आणलं न्हाई, फेटून आणलं, न गोठलेलं. त्या दिवशी त्या हसणाऱ्यातली दोन पोरं भिंतीला धरून वकली. संगितानं त्यांना पाणीबी दिलं न्हाई. चांगलं केलं.

शिकली काय? तर रगत वाचायला. सरळ वरून पडलेला थेंब गोल, तिरपा पडलेला लांबोळका. लांबी-रुंदीवरून तो कोणत्या कोनातून आला ते निघतं. भिंतीवरल्या थेंबांना दोरे लावून मागं ताणले की दोरे जिथं एकमेकांपाशी येतात तिथं घाव बसला. कुऱ्हाड वर उचलताना तिच्यावरून उडालेलं रगत एका रांगंत पडतं, नळी फुटल्यावर येतं ते येगळं, रगतानं भरलेल्या अंगाचा धक्का लागून भिंतीला फासलेलं येगळं. पुढं गुजरातेत जाऊन ह्याचाच खास कोर्स करून आली. तिथले एक म्हातारे सर रोज सकाळी फळ्यावर एकच वाक्य लिहायचे: रक्त काय झालं ते सांगतं, कोणी केलं ते सांगत नाही. संगिता म्हणती, समद्या कोर्साची फी त्या एका वाक्यात वसूल झाली.

पण नोकरी लागली आन घरी काय झालं? तीन सोयरिकी आल्या आन तिन्ही परत गेल्या. “पोरगी मुडद्याचं काम करती.” हुंडा घ्यायला विटाळ न्हाई, सुनंला जाळायला विटाळ न्हाई. जळालेल्या सुनंचा पंचनामा करणारी मात्र विटाळशी. असे हे लोक.

तर ती पुजाऱ्याच्या घरी पोचली तवा दारात फौजदार, चार पोलीस आन अर्धं गाव. फौजदार आत-बाहेर करून राहिलेला.

“साहेब, बूट!” संगिता रस्त्यावरूनच वरडली.

“काय बूट?”

“बूट घालून आत जाऊन राहिलात. बाहेर या.”

फौजदाराला गावासमोर कोणी असं बोललेलं नव्हतं, त्यात बाई. “मॅडम, आरोपी कळलाय आम्हाला. सालगडी आहे. तुम्ही तुमचे फोटो काढा नि मोकळ्या व्हा.”

“काढते ना. आधी तुमच्या बुटाचा काढते. तळवा दाखवा.”

“काय?”

“पाय उचला, साहेब. तुम्ही आत फिरलात, तुमचा ठसा मला वेगळा काढावा लागंल. सगळ्यांचेच काढणार हाय.”

गावातलं एक म्हातारं मागून म्हणलं, “उचला की साहेब, घोड्यावानी.” लोक हसले. फौजदारानं पाय उचलला, संगितानं फोटो काढला, आन त्या घडीपासून त्यानं तिच्याशी दावा धरला. मला इचाराल तर देविदासची फाईल त्या हसण्यानंच जड झाली. साहेबाच्या बुटाचा राग, भोगायचा सालगड्यानं.

आत संगिता लई येळ ऱ्हायली. उकिडवी बसून फरशीचा एकेक तुकडा बघत सरकली. भिंतीवरून निघालं की म्हातारं खाली पाटावर बसलेलं असताना घाव बसले. फरशीवर थेंब सांडलेले, आन त्या थेंबांवर दोन तऱ्हेची पावलं. एक बुटाची. बुटाखाली आलेले थेंब पार सपाट फासले गेलेले, कडं-बिडं काही न्हाई. म्हंजे बूट पडला तवा रगत ओलं व्हतं. दुसरी पावलं अनवाणी, रुंद, बोटं फाकलेली. ही खोलीत येऊन म्हाताऱ्यापाशी थांबलेली आन वझं घेतल्यावानी टाचेवर रुतून बाहेर गेलेली. त्या पावलांखालचे थेंब पुसले गेलेले, पण प्रत्येकाचं कडं मागं ऱ्हायलेलं.

दगड सांगून राहिला.

बुटाचा माणूस घाव घालायच्या येळंला व्हता. अनवाणी माणूस मागून आला, कडं धरण्याइतकं रगत वाळल्यावर. तिनं फोटो काढले, बाजूला पट्टी ठेवून मापं घेतली. बुटाचा ठसा अनवाणी पावलापेक्षा आखूड. मंग बाहेर आली तर उंबऱ्याबाहेर एका बाजूला रबरी चपला, नीट जोडीनं ठेवलेल्या. शेजारी वांगी सांडलेली. वांगी इखुरली, चपला मात्र जोडीनं. संगिता तिथं थबकली. तिनं तांड्यावरच्या शंभर माणसांना अशा चपला काढताना बघितलं व्हतं. चपलांचाबी फोटो काढला.

एवढ्यावर ती थांबली न्हाई. त्या उन्हाळ्यात, तशाच उन्हात, तसल्याच शहाबादी फरशीवर रगताला कडं धरायला किती येळ लागतो ते तिला सोता बघायचं व्हतं. हिंगोलीत भाड्याच्या खोलीत ऱ्हायची. गच्चीवर फरशीचे तुकडे मांडले, बोकडाचं रगत आणून थेंब टाकले, घड्याळ लावून एकेक थेंब पुसत बसली. घरमालकीण कपडे वाळू घालायला वर आली आन किंचाळतच खाली गेली. दुसऱ्या दिवशी खोली खाली. “पोरगी चांगली आहे हो, पण घरात देव आहेत आमच्या.” संगितानं सामान रिक्षात टाकलं. फरशीचे तुकडे मांडीवर घेतले.

रिपोर्टात तिनं समदं लिहिलं. तिच्या हापिसातल्या मोठ्या साहेबानं तिला बोलावलं.

“राठोड, नमुने दिलेत, मापं दिलीत, छान. पण हे ‘अनवाणी व्यक्ती नंतर आली’ कशाला? तपास अधिकारी नाराज आहेत. अर्थ लावणं आपलं काम नाही.”

“सर, मग मला गुजरातला कशाला पाठवलं होतं? फिरायला?”

“आवाज खाली.”

“ते वाक्य चुकीचं असेल तर चूक दाखवा, काढते. चूक नसेल नि तरी काढायचं असेल, तर तुम्ही हातानं खोडा आणि खाली सही करा.”

साहेबानं पेन उचललं, टोपण काढलं, परत लावलं. वाक्य ऱ्हायलं.

ऱ्हायलं, पण कुठं? फाईलीत. फौजदारानं चार्जशीट केली ती धुतलेल्या सदऱ्यावर. सदऱ्यात रगताचा अंश निघाला, तो म्हाताऱ्याचाच. निघणारच, खांद्यावर घेऊन पळाला व्हता ना! रिपोर्ट मागं जोडला आन कोणी पान उलटलं न्हाई. जामीन नामंजूर झाला. वरच्या कोर्टात जायचं तर कागद लागतेत, कागदाला वकील लागतो, आन गरिबाचा वकील तारखेला येतो तवा फाईल इसरून येतो. तांड्याचा आताचा नाईक वसराम, ज्याच्या मतावर तांडा हालतो, तो तर म्हणला, “पोलिसाच्या मामल्यात तांडा पडणार न्हाई.” निवडणुकीत मात्र समदा तांडा याच्या खिशात.

पावसाळा गेला, सोयाबीन निघाली, आन एक दिवस भिकाबाई हिंगोलीला संगिताच्या हापिसात आली. डोक्यावर घुंगटो, हातात बलोयंच्या जुन्या बांगड्या, पायात धूळ. शिपायानं दारात आडवली तर त्याला बाजूला सारून आत.

“तूच का ती साखऱ्याकडची? म्या देविदासची माय.”

“मावशी, बाहेर बसा. मला तुमच्याशी बोलता येत न्हाई. मी साक्षीदार हाय.”

“साक्षीदार हायस, मुकी हायस का? एकच इचारते. म्या सदरा धुतला नसता तर?”

संगितानं समोरची फाईल मिटली. मंग म्हणली, “तुमच्या पोराचं सांगत न्हाई. कुणाचाबी सदरा आसो. घाव घालणाऱ्याच्या अंगावर बारीक बारीक शितोडे उडतात. उचलणाऱ्याच्या अंगावर फासलेलं ऱ्हातं, मोठमोठे डाग. न धुतलेला सदरा बघून कळतं, मारणारा कोणता आन उचलणारा कोणता.”

“आन धुतल्यावर?”

“धुतल्यावर नुसतं रगत हाय एवढंच कळतं.”

दुसरी कोणी आसती तर तिथं कपाळ बडवून रडली आसती. भिकाबाई न्हाई. ती टेबलाच्या कडंला दोन्ही हात रोवून पुढं वाकली.

“हे तुला कधीपासून ठावं?”

“शिकले तवापासून.”

“मंग तू कुण्या तांड्यावर येऊन सांगितलं? कुण्या बाईला सांगितलं? साहेबाला सांगतीस, कोर्टाला सांगतीस, पोरांच्या कॉलेजात जाऊन पडद्यावर दाखवतीस म्हणं. धुणारी कोण हाय? मी. सारवणारी कोण हाय? मी. मला कोण सांगंल? तुझं शिक्षान काय लोणच्यात घालायचं?”

संगितानं उठून तिच्यापुढं खुर्ची सरकवली. भिकाबाई पुटपुटत निघाली, दारात शिपायाला म्हणली, “आता सोड की वाट, मेल्या,” आन गेली.

कोर्टात संगिताची तारीख लागली तवा परत उन्हाळा आलेला. देविदास पिंजऱ्यात उभा, जेलातून आणलेला, गालफडं बसलेली. संगिता सरकारची साक्षीदार, म्हंजे देविदासला खुनी ठरवायचं ज्यांचं काम, त्यांच्याच बाजूची. सरकारी वकिलाला वाटलं नमुने-मापं वदवून बसवून टाकू. पण जज हुशार निघाले. त्यांनी रिपोर्ट सोता वाचलेला व्हता. म्हणले, “हे कड्यांचं काय आहे ते सांगा.”

संगितानं सांगितलं. गच्चीवरच्या प्रयोगाचे फोटो दाखवले. सरकारी वकील उठला.

“बुटाचा ठसा पोलिसांच्या बुटाचा असू शकतो. नंतर आत गेलेल्या कोणाचाही.”

“नाही. पोलीस आले तेव्हा थेंब वाळलेले होते, वाळलेल्या थेंबावर असा ठसा येत नाही. शिवाय आत गेलेल्या प्रत्येकाच्या बुटाचा तळवा मी त्याच दिवशी टिपलाय. फौजदारसाहेबांचा पण आहे.”

मागं बसलेल्या फौजदारानं पाय बाकाखाली ओढून घेतले.

“आरोपीनेच आधी बूट घालून मारलं, नंतर बूट काढून परत आला, असं अशक्य आहे का?”

“ठसा त्याच्या पायापेक्षा आखूड आहे. माणूस मोठा बूट घालून चालू शकतो. पाय कापून लहान बूट घालत नाही.”

मंग वकिलानं हुकमाचं पान काढलं. चपलांचा फोटो वर धरला. “तुम्ही म्हणता आरोपी मदतीला धावत आला. माणूस मरतोय, रक्त वाहतंय, आणि धावत येणारा माणूस उंबऱ्याबाहेर थांबून चपला काढतो? जोडीने नीट ठेवतो? हे धावणं आहे का? हा शांत डोक्याचा खुनी आहे.”

संगितानं तोंड उघडलं तर वकील म्हणला, “तुम्ही रक्ताच्या तज्ज्ञ आहात, चपलांच्या नाही. त्यावर मत नको.”

तिला बोलता आलं न्हाई. देविदासला बोलायला कोणी सांगितलंच न्हाई. मी सांगतो मंग. व्हय, काढतो! माणूस मरत असला तरी काढतो. पिढ्यान् पिढ्या तुमच्या उंबऱ्यानं आमच्या पायांना हे शिकवलं. डोकं पळत व्हतं आन पाय थांबले, कारण पायांना डोक्याच्या आधी वळण लागलं. तुमी तुमच्या उंबऱ्यावर माणसाला वाकवून ठेवता आन तो वाकला की म्हणता, बघा कसा वाकून चोरी करून राहिला.

शेवटी वकिलानं एक खडा टाकून बघितला. “तुमचं आडनाव राठोड. आरोपीचं राठोड. योगायोग समजायचा का?”

“साहेब, आमच्यात अर्धा तांडा राठोड असतो,” संगिता म्हणली. “फरशीला आडनाव नाही. फरशी हैदराबादच्या माणसानं वाचली तरी तेच निघंल. पाठवा.”

जजांनी चष्मा काढून डोळे चोळले. “मग मारलं कोणी?”

“ते रक्त सांगत नाही. बूट घातलेल्या, लहान पायाच्या माणसानं, रक्त ओलं असताना. त्याला शोधायचं काम माझं नाही.” मंग फौजदाराकडं बघत म्हणली, “ज्यांचं आहे त्यांनी ते वर्षभरात केलेलं नाही.”

पुजारीणबाईची साक्ष पुढच्या तारखेला झाली. अनुसूयाबाई काठी टेकत आल्या. चपलांचं त्यांना कोणी इचारलं नव्हतं, त्यांनीच काढलं. “देविदास लहानपणापासून आमच्याकडे. एकदा माझा पाय मोडला, हा उचलायला आला, तेव्हाही चपला काढूनच आत आला. मीच ओरडले होते त्याला, मेल्या, आधी उचल.” जजांनी ते लिहून घेतलं.

देविदास सुटला. बाइज्जत, असं निकालात लिहिलं. इज्जत घालवायला पेपरात मोठा मथळा व्हता. परत द्यायला आतल्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली चार ओळी. त्याचं साल गेलं, रान दुसऱ्यानं केलं, लेकरानं शाळा सोडली. लहान बुटाचा माणूस अजून कुठं तरी हिंडून राहिला. गावात लोक एकाचं नाव घेतेत. मी घेत न्हाई. पुराव्याबिगर बोट दाखवायचं काम फौजदाराचं, माझं न्हाई.

निकालानंतर संगिता देवला नाईकाच्या तांड्यावर आली. पेढे खायला न्हाई. लिंबाखाली बायांना बसवलं, एक पांढरं फडकं पसरलं, शेंदूर कालवलेलं पाणी घेऊन एकदा उडवलं, एकदा फासलं आन इचारलं, कोणतं मारणाऱ्याचं? दगडावर बोकडाचे थेंब टाकून कडी दाखवली. म्हणली, “घरात कुणी मेलं, अंगावर घाव हाय, तर रडा, बोंबला, पण धुऊ नका. सारवू नका. विटाळ एक दिवस थांबतो. रगत थांबत न्हाई.” बाया पदरात तोंड घालून हसल्या. भिकाबाई मागं बसलेली, हसली न्हाई. मंग संगिता असंच तांड्यातांड्यावर जायला लागली, सुट्टीच्या दिवशी, सोताच्या स्कुटीवर. हापिसातनं तिला इचारलं, हे कोणाच्या परवानगीनं? ती म्हणली, भिकाबाईच्या.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. सकाळच्या पारी वसराम नाईकाच्या घरून रडारड उठली. त्याची सून पारुबाई गेली म्हणं. चुलीपाशी पाय घसरला, डोकं पाट्यावर आपटलं. वसरामनं तांड्याला सांगितलं, बाळंतपणाच्या अशक्तपणानं चक्कर आली आसंल, लवकर उरका. बाया शेणाच्या टोपल्या घेऊन आल्या. मयत बाहेर काढायचं, घर सारवायचं, रीत हाय.

तर दारात भिकाबाई बसलेली. उंबऱ्याच्या बाहेर, वाट आडवून, मांडीवर मुसळ.

“सरक, भिकाबाई,” वसराम म्हणला. “बायांना आत जाऊ दे.”

“न्हाई सरकत.”

“माझं घर हाय.”

“पारूचंबी व्हतं.”

“तांड्याची गोष्ट तांड्यात मिटंल. पोलीस आणून आब घालवतीस का तांड्याची?”

“माझं पोरगं जेलात व्हतं तवा तू म्हणलास, पोलिसाच्या मामल्यात तांडा पडत न्हाई. मंग आता नको पडू. गप उभा ऱ्हा.”

“पाय घसरला तिचा!”

“घसरला आसंल तर जमीन तसं सांगंल. तुला काहून घाम येऊन राहिला?”

एक बाई टोपली घेऊन बाजूनं आत घुसाया बघत व्हती. भिकाबाईनं मुसळ उचललं. “एक बोट शेणाचं आत गेलं ना, तर इथं दोन पंचनामे व्हतील. एक पारूचा, एक तुझा.” ती बाई मागं सरली. देविदास तवर टेकडीवर रेंज धरून फोन लावून राहिला व्हता.

पांढरी गाडी आली तवा ऊन डोक्यावर आलेलं. संगिता उतरली, गर्दीतून वाट काढत दारापाशी आली. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. भिकाबाई गुडघ्यावर हात देऊन, कण्हत उठली.

“आत कुणी गेलं का, मावशी?”

“पहिलं मयत बघितलेल्या दोघी गेल्या, आन हा नाईक. कुठं कुठं पाय ठेवला ते म्या त्यांच्याकडून वदवून ठेवलं. या तिघांचे पाय बघून घे, पळून जायच्या आत.” मंग वसरामकडं बघत म्हणली, “उचल की पाय, नाईक. घोड्यावानी.”

कुणी हसलं न्हाई.

संगितानं बुटावर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या, उंबऱ्यात उकिडवी बसली आन आतल्या जमिनीकडं बघायला लागली. मापाची पट्टी काढून पहिल्या थेंबाशेजारी ठेवली. मागं बाया उभ्या, तोंडाला पदर. टोपल्यांतलं शेण उन्हानं वाळून वरून पापुद्रा धरून राहिलं व्हतं.